कानाला लावलेला स्क्रूड्रायव्हर

नातवंडांनो, आपल्या इथे धरणाच्या पायथ्याशी एक छोटं, जुनं वीजघर आहे. कालव्याला पाणी सोडलं की तिथलं यंत्र फिरतं आणि वीज तयार होते. पाणी बंद झालं की यंत्रही थांबतं. ते चालवणारे गृहस्थ डिंगोरे गावचे. यंत्र थांबलं की त्यांना करमत नाही, मग ते माझ्याकडे चहाला येतात. आल्या आल्या लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक फ्रीजला टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटून आतला आवाज ऐकतात. "बराय," म्हणतात आणि मगच बसतात. मी शास्त्र शिकलेली. मला हसू यायचं.

गेल्या महिन्यात कालवा भरून वाहत असताना त्यांनी चालू यंत्र बंद केलं. त्यांचे साहेब जीप घेऊन धावत आले.

"सगळे मीटर ठीक दाखवतायत, आणि पाणी फुकट चाललंय! काही निघालं नाही, तर तुमची बदली नक्की."

"मीटरला कळत नसंल, सायेब. बेअरिंग कण्हतंय. खोला."

खोललं. बेअरिंगला चांगला बोटभर तडा गेला होता.

"मग साहेब काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय नाय, मावशी. जाताना म्हनले, जरा आमच्या जीपलाबी लावून बघा."

काल मी चटणी वाटत असताना त्यांनी मिक्सरला स्क्रूड्रायव्हर लावला. बोलले काहीच नाहीत. चहाही अर्धाच प्यायले.

मी आज पाटा-वरवंटा धुऊन ठेवला आहे.