भयकथा वाचणारी कुमुद

हॉस्पिटलात कुमुदला शेवटची भेटले, तेव्हा तिने उशाखालून एक मासिक काढून माझ्या हातात दिलं. "शांते, तू वाच गं. माझे डोळे दुखतात." गोष्ट पडक्या बंगल्यात सापडलेल्या प्रेताची होती. पान-दीड पान झालं असेल, तोच नर्सबाई आल्या. "पेशंटला असलं काय वाचून दाखवता हो?" कुमुदने मान उचलली. "अहो, त्याला कोणी मारलं ते तरी कळू दे!" शेवट ऐकला, तो आपण आधीच ओळखला होता म्हणाली, आणि समाधानाने डोळे मिटले. मी पुन्हा जाण्याआधीच तिच्या यजमानांचा, भास्कररावांचा, निरोप आला... त्याला आता महिना होत आला.

आम्ही दोघी गोरेगावला एकाच चाळीत, एकाच मजल्यावर लग्न होऊन आलो. तेव्हा चाळीमागे सगळी ताडाची झाडं, मधे विहीर, आणि दुपारी इतकी सामसूम की पान पडलं तरी ऐकू यावं. त्या दुपारी कुमुदच्या खोलीत आम्ही बायका तांदूळ निवडत बसायचो आणि ती वाचायची. भुताच्या, खुनाच्या गोष्टी, आणि वर्तमानपत्रात येणाऱ्या खटल्यांच्या हकिकती. आवाज अजिबात चढवायची नाही, त्यामुळे जास्तच काटा यायचा. ऐन रंगात पुस्तक पालथं घालून चहा टाकायला उठायची. गोष्ट संपली की विचारायची, "आता सांगा, भीती बाजूला ठेवून सांगा, नेमकं काय घडलं?" मग आमची भांडणं जुंपायची.

कुमुदच्या शेजारच्या खोलीत लीला राहायची. नवरा, सासू आणि मीना नावाची लहान मुलगी. लीला आमच्यात कधी बसली नाही, तिला परवानगी नव्हती. तिच्या दंडावरचे वळ मात्र आम्ही सगळ्यांनी पाहिले होते. एके दिवशी ती विहिरीत सापडली. पाय घसरला, असं नवरा म्हणाला. सासूने वेगळंच सुरू केलं, की लीलाला आधीपासून बाधा होती. पंधरवडाभरात चाळीत सगळ्यांच्या तोंडी तेच झालं. आमच्या तारीकाकू विहिरीकडे हात करून सांगायच्या, "बावीर उभी रवता गो ती, केस सोडून... माज्या डोळ्यांनी बघितलंय!" बायका विहिरीवर एकट्या जाईनात. अन् एका संध्याकाळी अंगणात पोरांनी मीनाभोवती फेर धरला. "हडळीची पोर! हडळीची पोर!"

कुमुद जिना उतरून खाली गेली. पोरांना पांगवलं, मीनाला कडेवर घेऊन वर आणलं आणि दूधभात भरवला. मग मला म्हणाली, "शांते, इतकी वर्षं भुताच्या गोष्टी वाचतेय मी. या गोष्टीत भूत नाही. तिला मारताना मी भिंतीपलीकडून ऐकलंय. उद्या चौकीत जाऊन सांगणार."

भास्करराव जेवता जेवता थांबले. "शेजार आहे तो आपला. उद्या त्यांनी आपल्यावर डूख धरला तर?"

"धरू दे. ती पोर जन्मभर हडळीची म्हणून वाढणार का?"

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. फौजदारांनी प्रश्न उलटसुलट विचारले. कुमुदचं उत्तर एकदाही बदललं नाही.

खटला उभा राहिला. कोर्टात नवऱ्याचा वकील हसत म्हणाला, "बाई, तुम्ही रोज भयकथा वाचता म्हणे. ही त्यातलीच एखादी नाही कशावरून?" लोक हसले. कुमुदने कठडा घट्ट धरला होता. "गोष्ट वाचताना ती रचलेली आहे हे मला ठाऊक असतं," ती म्हणाली. "लीला गेली त्या दुपारी ती 'मारू नका, मीना बघतेय' असं ओरडली. हे कुणी रचलेलं नव्हतं." मग कोणी हसलं नाही.

खून शाबीत झाला नाही. मारहाणीबद्दल नवऱ्याला शिक्षा झाली, तीही थोडकी. पण मीनाला लीलाच्या आईकडे, घाटकोपरला, द्यायचं ठरलं आणि तेवढं तरी पदरात पडलं, असं कुमुदने मानलं. चाळीत तिला हळदीकुंकवाची बोलावणी येईनाशी झाली. "झकास! वाचायला वेळ मिळेल," ती म्हणाली. आणि जी बाई विहिरीवरच्या हडळीचं नाव काढेल, तिला थांबवून सांगायची, "तिचं नाव लीला होतं. तिला मारलं जात होतं." सांगून सांगून तिने चाळीतून ती हडळ घालवली.

घाटकोपरला ती महिन्यातून एकदा जायची, आजारी पडेपर्यंत. मला वाटायचं, खाऊ घेऊन जात असेल. गेल्या रविवारी कुमुद गेल्याचं सांगायला मी तिथे गेले, तेव्हा खरं कळलं. मीना आता परकर-पोलक्यातली शहाणी मुलगी झाली आहे. तिने सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "मावशी दर वेळी मला आईची एक नवी आठवण सांगायची. भिंतीपलीकडून ऐकलेली. आई दळताना काय गुणगुणायची, मला कशी हाका मारायची... आता कोण सांगणार?"

माझी आणि लीलाची खोली एका भिंतीची नव्हती. पण नळावर, जिन्यात, गच्चीवर मीही तिला पाहिलं होतं. मीनाला जवळ घेऊन बसले, आणि लीला गच्चीवर वाळवण घालताना कावळ्यांशी कशी भांडायची, तिथपासून सुरुवात केली.