तपासणीच्या आधी औक्षण

मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या वडिवळ्याच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे चार लोकांसाठी काही लिहायचं तर हात अडखळतो. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर देशोदेशीच्या तरुणांचं संमेलन होतं. कॉलेजातून आम्हाला आरोग्य कक्षावर स्वयंसेवक म्हणून घेतलं. ताप बघायचा, पुरळ आहे का विचारायचं, शंका आली तर डॉक्टरांकडे पाठवायचं. संपर्कातल्या प्रत्येकाला लगेच कळवलं तर साथ थांबते, असं प्रशिक्षणात सांगितलं. मी पहिल्या बाकावर बसून ऐकत होतो. आपण खरंच उपयोगाचं काही शिकतोय, असं वाटलं होतं.

पाहुण्यांना ओवाळायला गावातल्या बायका हव्या होत्या. मी वहिनीला नेलं. तिचं बाळ अंगावर पिणारं, गोवराची लस द्यायचं वयही झालं नव्हतं. तेही बरोबर आलं.

औक्षण फाटकात, आमचा कक्ष आत. ताप बघायच्या आधीच पाहुणे बायकांसमोर वाकून कुंकू लावून घ्यायचे. मी संयोजक सरांना भीतभीत म्हटलं, "सर, आधी तपासणी घेऊ या का?"

"अरे, तुझ्या घरी पाहुणा आला की दारातच थर्मामीटर लावतोस का?"

सगळे हसले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "काही निघालं तर सगळ्यात आधी तुला सांगेन. शब्द देतो."

वहिनीला मी तेच सांगितलं.

"तुमी हायसा ना भावजी, मग मला कशाची भीती?" ती हसली. "बगा की, तुमच्या पुतण्याला किती मावश्या मिळाल्या!"

पाहुण्या मुली बाळाला कडेवर घेऊन फोटो काढत होत्या. त्यातली एक सारखी खोकत होती. दुपारी ती दिसली नाही. मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "प्रवासाचा शीण, दुसरं काय?" दुसऱ्या दिवशी आम्हा स्वयंसेवकांना कक्षावरून काढून खालच्या पार्किंगवर उभं केलं. का, ते कुणी सांगितलं नाही.

संमेलन संपलं. काही दिवसांनी बाळाला ताप आला, डोळे लाल झाले, मग अंगभर पुरळ. गोवर. पुढे छाती भरली. तळेगावच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "संपर्क झाल्यावर दोन-तीन दिवसांत कळलं असतं तर एवढ्या लहानालाही लस देता आली असती."

मी बाहेर येऊन सरांना फोन लावला. "आम्हाला तरी कुठे माहीत होतं?" ते म्हणाले. "आणि तुमच्या गावात काय गोवर येत नाही?"

मी विश्वास ठेवला. बाळ घरी आलं, पण अजून दूध पिताना धापा टाकतं. वहिनीनं एकदाच विचारलं, "कुनालाच ठावं नव्हतं ना, भावजी?" मी बाळाच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, नव्हतं.

परवा कक्षावर ओळख झालेल्या एका परदेशी मुलीचा मेसेज आला. सोबत बाळाला कडेवर घेतलेला तिचा फोटो होता. तिनं विचारलं होतं, "बाळ बरं आहे ना? संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हा सगळ्या पाहुण्यांना गोवराचं सांगून तिथंच लसी दिल्या. तुम्हा गावच्या लोकांना कुठे दिल्या?"