बाबांनी केलेलं कौतुक

आमच्या घरी मुलाचं कौतुक करायची रीत नव्हती, परक्यासमोर तर नाहीच नाही. कोणी ‘पोरगं हुशार आहे हो’ म्हटलं की बाबा लगेच म्हणत, “कायचं हुशार? निरा गधा हाय.” नजर लागू नये म्हणून. मी पीएच.डी. झालो त्या दिवशीही ते गावभर हेच सांगत फिरले.

कापसाच्या मर रोगावर पदवी मिळाली होती. पुढचं संशोधन करायचं तर एखाद्या विद्यापीठानं जागा द्यायला हवी होती. गावाजवळच्या जऊळक्याच्या स्टेशनमास्तरांकडे इंग्रजी पेपर येई. तो शिळा झाला की मी त्यात जाहिराती शोधायचो, कारंज्याला जाऊन अर्ज टाइप करून घ्यायचो. तीन वर्षं हेच चाललं. नकार इतके आले की पाकीट देताना पोस्टमन माझ्याकडे बघेनासा झाला. वयाची अट आड यायला एकच वर्ष उरलं होतं.

तेवढ्यात एका मोठ्या विद्यापीठातल्या विभागप्रमुखांचं पत्र आलं. जागा एकच, दोन वर्षांची. कापूस पाहायला ते वऱ्हाडात येणार होते, तेव्हा जऊळक्याला उतरून माझे शेतातले प्रयोग पाहणार होते.

ते आले. पुण्याकडचे होते. ओट्यावर बसून त्यांनी माझ्या वह्या चाळल्या, मान डोलावली. रोगट झाडं मुळासकट दाखवावीत म्हणून बाबांना त्यांच्याजवळ बसवून मी शेताकडे धावलो. परतलो तोवर साहेब चहा संपवून छकड्यात बसले होते. “कळवतो,” म्हणाले, आणि हसले. ते हसू मी होकाराचं धरलं, मूर्खासारखं.

महिन्याभरानं पत्र आलं. संशोधन उमेदवाराचं स्वतःचं असल्याची खात्री पटत नाही, एवढंच त्यात होतं.

मी बाबांना विचारलं, “साहेबाले काय सांगतलं तुमी?”

“काई नाही. लय तारीफ करून राह्यला होता तुही. म्या म्हनलं, काय येते त्याले, साहेब? गधा हाय. सारं दुसऱ्याचं पाहून लिहिते.”

साहेब मराठी होता. बाप असं का बोलतो हे त्याला कळलं नसेल, यावर माझा आजही विश्वास नाही. जागा बहुधा आधीच कोणाला तरी देऊन झाली होती. बाबांनी त्याला आयतं कारण दिलं. पण तो माझ्या हाताशी नव्हता, बाबा होते. पारावर माणसं बसलेली असताना मी ओरडलो, “गधा तुमी आहा! माह्या जन्माच्या आंधी मेले असते त बरं झालं असतं.”

 दुसऱ्या दिवसापासून बाबा जऊळक्याच्या स्टेशनावर जाऊ लागले. गाडी थांबली की खिडकीत कोणी कोटवाला शोधायचे आणि हात जोडून सांगायचे, “माहा पोरगा लय हुशार हाय, साहेब. सारं त्यानं सोताच लिहिलं.” लोक हसायचे. पेपर आणायला मी तिथेच जायचो, पण त्यांना कधी थांबवलं नाही.

संध्याकाळी घरी आले की मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन ते माझ्यासमोर उभे राहत. दिवसभर तारीफ केली, आता नजर काढायला हवी. मी त्यांचा हात झटकून टाकायचो. ते खाली बसून एकेक मोहरी वेचायचे. ते पाहून मला बरं वाटायचं.