चारोळी पिकू देते कोण?

मंडळी, आज सकाळी काकूसोबत जामोद गावाच्या वर, डोंगरातल्या जंगलात गेले होते. चारोळीची झाडं लगडली आहेत, पण फळं अजून हिरवीच. पिकून काळी व्हायला आठ दिवस तरी हवेत.

काकूने एक फळ दगडाने फोडून दाखवलं. आत दाणा अजून भरलेला नाही, नुसता पांढरा, पाणचट. तरी तिने अख्खी फांदी मोडली आणि फळं ओरबाडून पिशवीत भरली.

"काकू, कच्चीच काऊन तोडून राह्यली?"

"आपण नाही तोडली तं दुसरं कोणी तोडते. पिकू देते कोण?"

मी झाडाखाली चारोळीचं एखादं रोप शोधलं. एकही नव्हतं. बी पडायला आधी फळ पिकावं लागतं.

उतरताना शेजारच्या शांताबाई भेटल्या. काकूने पिशवी पदराआड घेतली. "हिरवीच हायत हो अजून. आठ दिवस थांबा."

"हाव, मी बी तेच म्हणते," शांताबाई म्हणाल्या. त्यांच्याही पदराआड पिशवी फुगलेली होती.

थांबायला हवं, हे दोघींनाही ठाऊक आहे. पहिल्यांदा थांबायचं कोणी, ते तुम्ही सांगा.