हे कोण वापरतं?

दिंडोरीच्या आमच्या द्राक्ष निर्यातीच्या ऑफिसात लिनक्सवाल्या कॉम्प्युटरची डिस्क भरली आणि कागदपत्रं छापली जाईनात. कंटेनर गेटवर खोळंबला होता. दुरुस्तीसाठी नाशिकहून आलेला माणूस मात्र नको वाटणारं प्रत्येक सॉफ्टवेअर पॅकेज काढण्याआधी, घाईत बटण दाबलं जाऊ नये म्हणून, दोन्ही हात मांडीखाली दाबायचा, त्याच्यासोबत आणखी काय जाईल ते स्क्रीनवर वाचायचा आणि विचारायचा, "हे कोण वापरतं?"

आम्ही सगळे गप्प.

"काढून टाका ना," साहेब करवादले.

"कोणी बोललं नाही म्हणजे ते लागत नाही, असं नसतं साहेब," तो म्हणाला आणि पुन्हा वाचू लागला.

कंटेनर वेळेत गेला. पुढच्या महिन्यात साहेबांनी कामावरून कमी करायची नावं वाचली. माझ्या नावाशी थांबून त्यांनी विचारलं, "कोणाला काही बोलायचंय?"

कोणीच बोललं नाही. साहेबांनी पुढचं नाव वाचलं.