अंतूदाचं गाऱ्हाणं

डिचोलीच्या बाजारात मी मासळी निवडत होतो तेव्हा विश्रामचा फोन आला. "अंतूदा गेलो रे..." एवढंच तो बोलला. मासळीवाली म्हणाली, "भाऊ, घेतास मरे?" मी काहीच न घेता बस पकडली आणि थेट कोरगावात उतरलो.

अंतूदा म्हणजे आमच्या पेडण्याजवळच्या कोरगावच्या क्रिकेट टीमचा कायमचा कॅप्टन. आठवडाभर डिचोलीच्या खाणीवर कारकुनी करायचा आणि शनिवारी संध्याकाळी गावात हजर. थोर खेळाडू वगैरे तो मुळीच नव्हता, मेल्या माणसाबद्दल खोटं कशाला बोलू? त्याचा ऑफस्पिन वळला तर वळला, आणि बॅटिंगला गेला की आम्ही पॅड सोडायचो नाही. पण भात कापून मळा मोकळा झाला की काथ्याची मॅट खांद्यावर घेऊन सगळ्यांच्या आधी तो निघायचा. खिळे ठोकून मॅट ताणायची हे काम त्याने दुसऱ्याला कधी करू दिलं नाही. काजूचा हंगाम सुरू झाला, पोरं बागायतीत आणि फेणीच्या भट्टीवर अडकली, की मॅट गुंडाळायची. तेवढे महिने आमचे खरे.

राजभाषा मराठी की कोकणी, हा वाद पेटला त्या साली मात्र मॅट अंथरायची तरी कोणासाठी, अशी वेळ आली. मी मराठीवाला, आजही आहे, सांगून ठेवतो. विश्राम कोकणीवाला. तो आमचा फास्ट बोलर आणि मी विकेटकीपर. गंमत अशी की आम्ही दोघं भांडायचो ते आमच्या पेडण्याच्या एकाच बोलीत! एका सभेनंतर तिंठ्यावर, भर चौकात, असं काही कडाक्याचं वाजलं की आमचं बोलणंच तुटलं. अर्धी टीम त्याच्याकडे, अर्धी माझ्याकडे.

त्यातच डिचोलीवाल्यांशी मॅच आली. विश्रामच्या बॉलला त्यांच्या ओपनरच्या बॅटची कड लागली, आवाज झाडाखाली बसलेल्यांनाही ऐकू गेला, आणि मी झेल घेतला. आता अपील कोणी करायचं? बॉल त्याचा, मग त्याने ओरडावं, असं माझं म्हणणं. झेल माझा, मग मी ओरडावं, असं त्याचं. अंपायर बिचारा बोट तयार ठेवून दोघांकडे बघतोय, आणि अपील झाल्याशिवाय त्याला आउट देता येत नाही. अंतूदा पहिल्या स्लिपमध्ये गुडघ्यांवर हात ठेवून गप्प. तो ओपनर मग आरामात खेळला आणि त्याने आम्हाला धुऊन काढलं.

परतीच्या बसमध्ये मी चिडून म्हटलं, "अंतूदा, तू तरी आरडूचां मरे!"

"मुक्यांच्या घरात मी एकलो कित्या आरडू?" तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

पेडण्याला उतरताना विश्रामने जाहीर केलं, "मी आपली येगळी टीम काडतंय." अंतूदाचा चेहरा पडला. गावात कशीबशी अकरा माणसं जमायची. दोन टीमा म्हणजे एकही टीम नाही, हे त्याला कळत होतं. आम्हालाही कळत होतं, पण ताठा होता ना!

पुढच्या रविवारी शेवटची म्हणून सगळे मळ्यात आले. मॅच आधी ठरलेली, पाहुणी टीम येऊन बसलेली. अंतूदाने मॅटच्या कडेला उभं राहून नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. एकाने देवाला साकडं घालायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं; आमच्याकडे गाऱ्हाण्याला गप्प राहता येत नाही. गप्प राहिला तो देवाच्या विरुद्ध गेला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मराठी म्हणा, कोंकणी म्हणा, झेल घेतल्यार आरडूक दोनूय चलतत, ह्या दोन गाढवांका समजय रे म्हाराजा!"

पाहुणे खो खो हसले. मी दात ओठ खात म्हटलं, "व्हय म्हाराजा."

"आणि टीम फोडूचो इचार कोणाच्या मनात आसात, तर तो हयच पुरून टाक रे म्हाराजा!"

सगळे म्हणाले. विश्राम नाही. अंतूदाने नारळ उचलून धरला तो तसाच. फोडेना. ऊन चढायला लागलं, पाहुण्यांचं हसणं थांबलं, अंतूदाने नारळ दुसऱ्या हातात घेतला... आणि खाली बघत विश्राम पुटपुटला, "व्हय म्हाराजा." खाडकन नारळ फुटला. पहिल्याच ओव्हरमध्ये बॉल माझ्या हातात आला आणि आम्ही दोघं असे काही किंचाळलो की झाडावरचे कावळे उडाले. नॉटआउट! बॅट लागलीच नव्हती. अंतूदा स्लिपमध्ये मॅटवर बसून पोट धरून हसत होता.

पुढे घटकराज्य झालं, आम्ही म्हातारे झालो, विश्रामशी माझा वाद अजून चालूच आहे, पण तोंडाने. टीम एकच राहिली. अंतूदा खेळायचा थांबला तरी गाऱ्हाणं त्याचंच.

गेल्या रविवारी यंदाचा मळा मोकळा झाला. नारळ कोणी घ्यायचा म्हणून सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मी विश्रामला म्हटलं, "तू सांग. माझ्यान जावचां नाय." त्याने नारळ घेतला. मॅटच्या कडेला जाऊन उभा राहिला. मग म्हणाला,

"बा देवा म्हाराजा! आमच्यासाठी तुझ्याकडे भांडणारो आता तुझ्याकडेच इलो हा. आमका काय व्हया, ता आता तेकाच इचार रे म्हाराजा!"

कोणाच्याच तोंडून आवाज फुटेना. विश्राम नारळ उचलून माझ्याकडे बघत थांबला होता. डोळे पुसायचे सोडून मी ओरडलो, "व्हय म्हाराजा!"