सेनापतीची पाठ

सेनापतीच्या पाठीत लोखंडी पट्टी आहे, अशी कुजबुज एके काळी सगळ्या गल्लीत होती. तरुणपणी म्हणे त्यानं चौथ्या मजल्यावरून एक तिजोरी एकट्यानं खाली आणली, शेवटच्या पायरीवर मणका मोडला, आणि डॉक्टरांनी तिथं वीतभर पट्टी ठोकली. थंडीत ती गार पडते, असंही सांगणारे होते. जसे काही हात लावून आलेत!

सेनापती म्हणजे घरसामान हलवणाऱ्या एका कंपनीचा मुकादम. कंपनी कसली, दोन ट्रक, आठ हमाल आणि रस्त्याकडेची एक खोली. हे नाव हमालांनीच ठेवलेलं. तोंडावर 'साहेब', वळला की 'सेनापती'. गळ्यात शिट्टी, शर्टाला कडक इस्त्री आणि तळहात असे मऊ, की पाळण्यातल्या पोरानं लाजावं. जड वस्तू दिसली रे दिसली, की याचा डावा हात कमरेवर जायचा आणि तोंड वाकडं व्हायचं. "ही पाठ आड आली, नाहीतर दाखवलं असतं तुम्हाला!" मग हमालच बिचारे त्याला बसायला खुर्ची आणायचे. तीही उचलूनच.

आता जिन्यावरून कपाट कसं उतरवतात, ते सांगतो. दोघं लागतात. वरचा सरळ तोंडानं उतरतो, मान जरा तिरकी केली की त्याला पायऱ्या दिसतात. खालचा उतरतो उलटा. भार सगळा त्याच्यावर आणि डोळ्यांपुढं नुसती फळी. पाय कुठं टाकायचा, ते त्याला वरच्याच्या तोंडूनच कळायचं. कंपनीत हे खालचं टोक तीस वर्षं एकाच माणसाकडं होतं. त्यांना सगळे उलटेमामा म्हणत. मामी तर चारचौघांत सांगायची, "लग्नाच्या दिवशी तेवढे सरळ चालत आले हो, तेही माझे वडील पुढं होते म्हणून!"

मालक वारल्यावर कारभार मालकीणबाईंकडं आला होता. त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला शाखा काढायचं ठरवलं. शाखेचा प्रमुख कोण, हा प्रश्न सेनापतीला पडलाच नाही. त्यानं स्वतःच्या नावाची पाटी रंगवून पलंगाखाली ठेवली. बायको नव्या ऑफिसच्या पडद्यांची मापं घेऊन आली. मेहुण्याला तर त्यानं नोकरीही देऊन टाकली. लग्न ठरायच्या आधी बारशाची तयारी म्हणतात ती हीच.

बाई म्हणाल्या, "ज्याला नेमायचं, त्याचं काम एकदा डोळ्यांनी बघते."

काम निघालं दातांच्या डॉक्टरांकडं. तिसरा मजला, अरुंद जिना आणि आरशाचं भलंमोठं कपाट. त्यातून दोन हमाल तापानं झोपलेले, बाकीचे खाली ट्रक भरत होते. बाई जिन्याच्या वळणावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मामांबरोबर आज तुम्हीच धरा."

"बाई, माझी पाठ..."

"मग वरचं टोक घ्या. भार मामांवर. तुम्ही नुसतं बोलायचं. ते तर येतं ना?"

बोलायला काय, आयुष्यभर दुसरं केलंय काय त्यानं! सुरू झाला. "चला! पुढं चला! हिंमत सोडायची नाही!"

"साहेब, पायऱ्या किती राहिल्या?" खालून मामा.

"घाबरू नका मामा, मी आहे ना!"

"तुम्ही आहात हो. पायरी आहे का, ते सांगा!"

"जोर लावा! आज करून दाखवायचं!"

वळण आलं होतं, पायरी संपली होती. मामांचा पाय खाली पायरी शोधत गेला आणि सपाट फरशीवर आपटला. ते कोलमडले, कपाट कलंडलं आणि मामा भिंत आणि कपाट यांच्यामध्ये चेपले गेले. बाईंनी धावत जाऊन खांदा लावला, तेव्हा कुठं मामा बाजूनं सरकून बाहेर आले. दम खात म्हणाले, "साहेब, आता तुम्ही खाली या. मी वरून सांगतो."

सेनापतीनं खाली जाणाऱ्या पायऱ्यांकडं पाहिलं. त्याचा हात पाठीकडं गेला. पण गडबडीत गेला तो उजवा, आणि गेला खांद्यावर.

बाईंनी चपला काढल्या, बाह्या वर सारल्या आणि स्वतः खालचं टोक धरलं. वय त्रेसष्ट. "मामा, सांगा."

"पायरी. पायरी. पायरी. थांबा. डावी टाच जरा आत. हं, आता वळण. अजून तीन."

आठ माणसांना दिवसभर कामाला लावणारी ती बाई मामांच्या शब्दावर एकेक पाऊल मागं टाकत गेली. मध्ये एकदा फक्त "हं" म्हणाली. सेनापती कपाटाच्या मागून शिट्टी सांभाळत उतरला.

खाली आल्यावर बाईंनी घाम पुसला. "मामा, नवी शाखा तुम्ही बघायची."

"अहो बाई, मला हुकूम सोडता येत नाहीत."

"पायरी सांगता येते ना? बास झालं."

सेनापती पुढं सरसावला. "आणि मी? कंपनीसाठी पाठ मोडून घेतली मी! ती तिजोरी..."

"कुठली तिजोरी?" बाईंनी चपला पायात घालत विचारलं. "ती मी आणलेली?"

बाहेर ट्रकपाशी हमाल दोऱ्या आवळत होते. त्यांचे हात तिथंच थांबले. सेनापतीनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. पाटी त्यानं पलंगाखालून परत कधी काढलीच नाही, असं मामी सांगते.

पाठीत पट्टी नव्हती. तिजोरी गुडघ्याएवढी होती आणि ती मालक आणि मालकीणबाईंनी मिळून उतरवली. खालचं टोक बाईंकडं होतं. त्या दिवशी कामावर नवा आलेला सेनापती आधी त्या टोकाला होता. चार पायऱ्या उलटा उतरला, घाबरला आणि सोडून बाजूला झाला. उचलता येत नाही, म्हणून मालकांनी त्याला शिट्टी दिली.